अडीच वर्षं अंगावर काढलेलं दुखणं: नारायण पेठेतल्या एका जेंटू मशीनचं प्रकरण

शुक्रवार, २७ सप्टेंबर २०२४. सकाळी नऊच्या आत काकांचा फोन. नारायण पेठेत त्यांचं अक्षरजुळणीचं ऑफिस आहे, तीन खोल्यांचं, आणि पितृपक्ष चालू होता म्हणजे दिवाळी अंकांच्या कामाचा ऐन हंगाम.

"अरे, प्रिंटरच्या वाटेने म्हणे कोणीही कॉम्प्युटरमध्ये शिरू शकतं. लिनक्सवर. आपलं मागच्या खोलीतलं ते लिनक्सच ना?"

"हो काका, तेच."

"मग येतोस का? आज शक्यतो."

आदल्या दिवशी कप्समधले दोष जाहीर झाले होते. कप्स म्हणजे लिनक्सवर छपाई सांभाळणारी व्यवस्था. तिच्याबरोबर येणारी कप्स-ब्राउज्ड ही सेवा यूडीपीच्या ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसते आणि नेटवर्कवरून आलेल्या कुठल्याही पाकिटावर, म्हणजे संदेशावर, विश्वास ठेवते. खोटा प्रिंटर "मी इथे आहे" असं सांगून यादीत घुसतो, आणि त्याच्यावर कोणी एखादं पान छापायला पाठवलं की हल्लेखोराने लिहून ठेवलेली आज्ञा आपल्या मशीनवर चालते. काकांचं ऑफिस राउटरच्या आड होतं, त्यामुळे बाहेरच्या जगाची फार भीती नव्हती. पण दिवसभरात दहा-पंधरा गिऱ्हाइकं लॅपटॉप घेऊन येतात, त्याच वायफायला जोडतात. आतलं नेटवर्क म्हणजे घरचं अंगण, असं मानायची सोय तिथे नव्हती.

दुपारी गेलो. कप्स-ब्राउज्ड थांबवलं, रनलेव्हलमधून (आपोआप सुरू होणाऱ्या सेवांच्या यादीतून) काढलं, पोर्ट बंद केलं. ऑफिसातला प्रिंटर ठरलेल्या पत्त्यावर असल्याने ती सेवा तशीही कोणाला लागत नव्हती. दहा मिनिटांचं काम. मग सवयीने बघितलं की हे मशीन शेवटचं कधी अद्ययावत झालं. इमर्जच्या, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या आज्ञेच्या, नोंदवहीतली शेवटची सिंकची (पॅकेजांची यादी ताजी करण्याची) तारीख मे २०२२ मधली निघाली.

मशीन आणि त्याच्यावरचा माणूस

जेंटू हे सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बांधायचं लिनक्स. बाकीच्या वितरणांत तयार पॅकेज उतरतं. इथे पोर्टेज नावाचा व्यवस्थापक ईबिल्ड (पॅकेज कसं बांधायचं याची कृती) वाचतो, मूळ सोर्स आणतो आणि आपल्या मशीनवर, आपण सांगितलेल्या यूज फ्लॅगप्रमाणे (कुठल्या सोयी हव्या, कुठल्या नको) कंपाइल करतो. डॅनियल रॉबिन्स यांनी ते सुरू केलं, १.० आवृत्ती २००२ च्या मार्चमध्ये आली. नाव एका पेंग्विनच्या जातीवरून आहे.

अक्षरजुळणीच्या ऑफिसात जेंटू कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि शंभरातल्या नव्व्याण्णव ऑफिसांना मी नाहीच म्हणेन. इथे मात्र कारण होतं. काकांचा मोठ्या आकाराचा प्रिंटर जुना, त्याच्या मूळ ड्रायव्हरला वाली उरलेला नाही, आणि तो पान तीन मिलिमीटर खाली सरकवून छापतो. २०१९ मध्ये इथे काम करणाऱ्या एका मुलाने कप्सच्या फिल्टरमध्ये चार ओळींचा बदल करून ते सरळ केलं. जेंटूत असा बदल ईटीसीमधल्या पोर्टेजच्या पॅचेस फोल्डरमध्ये नुसता ठेवला की प्रत्येक बांधणीत तो आपोआप लागतो. वेगळं पॅकेज बनवा, त्याला सांभाळत बसा, असलं काही नाही. छोट्या जागेतल्या छोट्या दुरुस्तीसाठी याहून सुटसुटीत सोय मला माहीत नाही.

मुलगा हुशार होता आणि मशीन जपणारा होता. मे २०२२ मध्ये तो बेंगळुरूला नोकरीला गेला. मशीन चालत राहिलं, म्हणून कोणी त्याला हात लावला नाही. माणूस जसं गुडघ्याचं दुखणं अंगावर काढतो, तसं.

सोर्सवरच्या सिस्टीमला हे जास्त महाग पडतं. ठरावीक आवृत्त्यांच्या वितरणात एक गठ्ठा जातो, दुसरा येतो, आणि मधला रस्ता वितरणवाल्यांनी तपासून दिलेला असतो. जेंटू सतत वाहतं. आजचं झाड, म्हणजे ईबिल्डचा सगळा साठा, गेल्या महिन्यातल्या मशीनला ओळखतं. अडीच वर्षांपूर्वीच्या मशीनची ओळख त्याने केव्हाच पुसलेली असते. या मशीनवर पायथन ३.९ होतं. पोर्टेज स्वतः पायथनमध्ये लिहिलेलं आहे, आणि दरम्यान जेंटूचं ठरलेलं पायथन ३.१०, ३.११ करत १ जून २०२४ ला ३.१२ वर आलं होतं. नव्या झाडातल्या ईबिल्डना ३.९ हा शब्दच माहीत नाही. म्हणजे अद्ययावत करणारं हत्यारच आधी अद्ययावत व्हायला हवं, आणि ते व्हायला त्याच्या खालचं सगळं. ओपनएसएसएल अजून १.१.१ होतं, ज्याचा आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. प्रोफाइल (सिस्टीमच्या मूळ पर्यायांचा ठरलेला संच) १७.१, नवी २३.० प्रोफाइल मार्च २०२४ मध्ये जाहीर होऊन सहा महिने झाले होते. ग्लसा-चेक चालवलं तर सुरक्षेच्या न बुजवलेल्या सूचनांची यादी पडद्यावरून सरकतच राहिली.

इमर्जला नुसतं "करून दाखव" म्हटलं, प्रिटेंडने. अडथळ्यांच्या लाल ओळी इतक्या आल्या की पहिली कुठली ते शोधायला वर स्क्रोल करावं लागलं.

हंगामात हात लावायचा नाही

काकांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "आज केलं नाही तर उद्या बंद पडेल का?"

"नाही. दार लावलंय. पण घर जुनं झालंय."

"मग अंक बाहेर पडू दे."

मला हा निर्णय तेव्हाही पटला, आजही पटतो. ज्या दिवशी धोका कळला त्याच दिवशी धोक्याचं दार बंद करणं, आणि मोठं काम शांत दिवसांसाठी ठेवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरक्षेच्या घाईत पूर्ण अद्ययावतीकरण त्याच दिवशी काढलं असतं तर सात दिवाळी अंकांची पानं अर्ध्यावर अडकली असती.

पण दिवाळीनंतरही मोकळं मैदान नव्हतं. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होणार असं जाहीर झालं, म्हणजे भाऊबीज संपताच पत्रकांची झुंबड. हाती लागणार होते ते नरक चतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंतचे चार दिवस, ३१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर. तेवढ्यात अडीच वर्षं भरून काढायची, तीही चार कोअरच्या, सोळा जीबी मेमरीच्या, हॅसवेल पिढीतल्या प्रोसेसरवर. तिथे बसून कंपाइल करत राहिलो असतो तर चार दिवस कमी पडले असते.

म्हणून ऑक्टोबरात घरी रंगीत तालीम करायचं ठरवलं. एका रविवारी ऑफिसच्या अख्ख्या सिस्टीमची प्रत घेतली, घरच्या मशीनवर एका फोल्डरमध्ये उतरवली आणि त्यात क्रूट करून, म्हणजे त्या फोल्डरलाच अख्खी सिस्टीम मानून, शिरलो. योजना अशी: सगळी चढाई इथे करायची, बांधलेल्या प्रत्येक पॅकेजची बायनरी (तयार बांधलेली) प्रत बिल्डपीकेजीच्या सोयीने साठवायची, आणि दिवाळीत ऑफिसच्या मशीनवर त्या प्रती नुसत्या बसवायच्या.

इथे एक खड्डा आहे, आणि तो खोल आहे. बांधणीच्या मेक.कॉन्फ या फाइलमध्ये मार्च (प्रोसेसरची जात) या पर्यायापुढे नेटिव्ह लिहिलेलं होतं, म्हणजे "ज्या प्रोसेसरवर बांधतोस त्याच्यासाठी बांध". माझ्या घरचा प्रोसेसर बराच नवा. तसंच चालू दिलं असतं तर बायनरी नव्या प्रोसेसरच्या सूचना वापरून बनल्या असत्या, आणि ऑफिसात पहिलीच आज्ञा "बेकायदेशीर सूचना" म्हणून कोसळली असती. कदाचित ग्लिबसी, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती लायब्ररीच, बसवल्यावर, म्हणजे परत फिरायचं साधनही न उरता. आधी ऑफिसच्या मशीनवर नेटिव्हचा तिथला अर्थ काय ते काढलं, हॅसवेल, आणि प्रतीत तोच शब्द घातला. सीपीयू फ्लॅगची ओळही तिथलीच ठेवली.

हार्फबझचं कुलूप

पहिली संध्याकाळ काहीही न बांधता गेली, आणि ती सगळ्यात उपयोगी संध्याकाळ होती.

वर्ल्ड फाइल उघडली. त्यात आपण मागून घेतलेल्या पॅकेजांची नावं असायला हवीत, बाकीचं त्यांच्या गरजेने येतं. इथे १८७ ओळी होत्या. अर्ध्याहून जास्त लायब्ररी. कधीतरी काहीतरी अडलं, मुलाने ती लायब्ररी हाताने पुन्हा बांधली, वनशॉट ("वर्ल्डमध्ये नोंदवू नकोस") लावायचं राहिलं, आणि ती कायमची वर्ल्डमध्ये जाऊन बसली. आता पोर्टेजला वाटणार की ही मालकाला हवीच आहे. जुन्या लायब्ररीच्या प्रत्येक ओळीमागे एक अडथळा उभा होता. ताईंना फोन लावला. मागच्या खोलीत त्याच काम करतात, बारा वर्षं. रोज काय काय उघडता, असं विचारून यादी केली. ओळी ६१ वर आल्या. डेपक्लीनला, म्हणजे कोणालाच न लागणारं काढणाऱ्या आज्ञेला, आधी प्रिटेंडने विचारलं, यादी वाचली, मग चालवलं. अडथळे निम्मे झाले.

उरलेल्यांतले बरेचसे एकाच जागी येऊन थांबत होते. पॅकेज.मास्क फाइलमध्ये एक ओळ होती: हार्फबझ ४ आणि त्यापुढचं सगळं बंद. त्याच्यावर, त्याच्याखाली, कारणाचा एक शब्द नाही.

हार्फबझ म्हणजे अक्षरांची जुळवाजुळव करणारी लायब्ररी. क आणि ष जवळ आले की क्ष, रफार कुठे बसणार, वेलांटी मागे कशी जाणार, हे सगळं तिच्याकडे. देवनागरीत काम करणाऱ्या मशीनचा तो कणा आहे. आणि सगळं तिच्यावर टेकलेलं: पँगो, लिबरऑफिस, ब्राउझर, टेक (अक्षरजुळणीचा प्रोग्राम). एका ओळीने अर्ध्या सिस्टीमला कुलूप लागलेलं. ओळ पुसायचा मोह झाला. पण जपणाऱ्या माणसाने विनाकारण कुलूप लावलेलं नसतं, म्हणून बेंगळुरूला संदेश पाठवला.

रात्री अकराला उत्तर आलं. "दादा, तो जुना फॉन्ट आठवतो का, कवितासंग्रहांना वापरायचो तो? नव्या हार्फबझवर त्याच्यात 'दुसऱ्या'चा ऱ्या फुटायचा. र पूर्ण, खाली हलन्त, मग या. चूक फॉन्टच्या कोष्टकांत होती, पण तेव्हा एक पुस्तक चालू होतं, म्हणून हार्फबझ थांबवलं. पुस्तक संपल्यावर काढायचं होतं."

पुस्तक २०२२ च्या उन्हाळ्यातच संपलं होतं.

मी एक चाचणीचं पान केलं. दुसऱ्या, तऱ्हा, वऱ्हाड, सुऱ्या, कैऱ्या. त्याच्याशेजारी आर्या, सूर्य, धैर्य, कारण मराठीत हे दोन र वेगळे दिसायलाच हवेत, आचाऱ्याचा आणि आचार्याचा अर्थ त्याच्यावर ठरतो. ऑफिसात असलेले सगळे अकरा युनिकोड फॉन्ट त्या पानावर लावले. नव्या हार्फबझवर फुटला तो फक्त तोच एक फॉन्ट. त्याच्या करणाऱ्यांनी नंतर दुरुस्त आवृत्ती काढली होती. ती आणली, पान पुन्हा पाहिलं, सगळे ऱ्या शाबूत. मग ओळ काढली.

ते पान आता ऑफिसच्या भिंतीवर टाचलेलं आहे. फॉन्टशी संबंधित काहीही बदललं की ताई ते पान छापून शेजारी धरतात.

चार मुक्काम

एका उडीत मे २०२२ वरून ऑक्टोबर २०२४ वर जाणं अशक्य नसतं, पण पोर्टेजशी भांडण्यात दिवस जातात. जेंटूच्या झाडाचा इतिहास २०१५ पासून गिटमध्ये (प्रत्येक बदल जपणाऱ्या साधनात) आहे. त्यामुळे त्या काळातल्या एखाद्या तारखेचं झाड बाहेर काढून, त्या दिवशी नियमित मालकाने जसं अद्ययावत केलं असतं तसं करता येतं. मग पुढची तारीख. मधल्या काळात संयमाने सिस्टीम सांभाळणाऱ्या माणसाचं काम आपण मागे जाऊन करतो, इतकंच.

मुक्काम पायथनच्या बदलांवरून ठरवले. पहिला नोव्हेंबर २०२२, ३.१० साठी. दुसरा ऑगस्ट २०२३, ३.११ आणि ओपनएसएसएल ३ साठी. तिसरा एप्रिल २०२४ ची अखेर, २३.० प्रोफाइलसाठी. चौथा आजचा. तिसरा मुक्काम मार्चमध्ये मुद्दाम घेतला नाही. एक्सझेड यूटिल्स या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदार पेरल्याचं २९ मार्च २०२४ ला उघड झालं. त्याआधीच्या दिवसांचं झाड उचलायची काही गरज नव्हती. जुन्या झाडाबरोबर जुने धोकेही परत येतात, म्हणून ही सगळी चढाई प्रतीत, कुठलीही सेवा न चालवता केली.

गिटमधून थेट काढलेल्या झाडाबरोबर मेटाडेटाची कॅश येत नाही; पहिली गणना चाळीस मिनिटं चालली. पुढच्या वेळी ती कॅश बनवणारं ईजेनकॅश आधी चालवलं. जुन्या आवृत्त्यांचे सोर्स मिररवरून काढून टाकलेले असतात, ते मूळ प्रकल्पांच्या ठिकाणावरून आणावे लागतात, त्यामुळे प्रत्येक मुक्कामावर आधी फेचओन्लीने सगळं उतरवून घेतलं. दुसऱ्या मुक्कामावर त्याचा फायदा कळला. ओपनएसएसएल बदलताना डब्ल्यूगेट, कर्ल, पायथन सगळेच मधल्या अवस्थेत असतात. पोर्टेज जुनी लायब्ररी राखून ठेवतं आणि प्रिझर्व्हड-रीबिल्ड करा (तिच्यावर टेकलेलं पुन्हा बांधा) म्हणून सांगतं, तोवर निभावतं. पण डाउनलोड करणाऱ्या साधनांवर त्या तासाभरात विसंबू नये.

प्रोफाइलचा टप्पा सर्वांत शांतपणे झाला, कारण त्याची बातमी ओळीओळीने वाचली. ईसिलेक्ट न्यूज ही आज्ञा कित्येक जण वर्षानुवर्षं चालवत नाहीत, आणि मग फोरमवर विचारत बसतात की हे कुठून आलं. ते त्यांच्याच मशीनमध्ये, न वाचलेल्या पत्रात पडलेलं असतं. सिस्टीम जुन्या विभागलेल्या यूएसआर रचनेची होती (प्रोग्राम मुळाशी आणि यूएसआर फोल्डरमध्ये असे दोन जागी वाटलेले), तेव्हा २३.० मधलीही तशीच प्रोफाइल निवडली. मग बांधणीची हत्यारं, बिनयूटिल्स, जीसीसी (कंपायलर), ग्लिबसी, याच क्रमाने, आणि शेवटी एम्प्टीट्रीने सगळं जग नव्याने.

या शेवटच्या बांधणीला अकरा तास लागले. एका धाग्यामागे दोन जीबी मेमरी धरायची, हा जेंटूवाल्यांचा अंगठा-हिशेब. घरच्या मशीनला सोळा धागे, बत्तीस जीबी, म्हणजे बरोबर. तरी क्यूटी वेबइंजिनने मेमरी खाल्ली आणि बांधणी मारली गेली. त्या एकाच पॅकेजला पॅकेज.एन्व्हमधून आठ धागे दिले. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मी बायनरीच घेतले. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस जेंटूने स्वतःच तयार पॅकेजांचा साठा उघडला, तेव्हा सगळं हाताने बांधण्याचा हट्ट आता कोणी धरू नये. जिथे आपला बदल आहे तिथे सोर्स, बाकी तयार.

दिवाळीचे चार दिवस

तापकीर गल्लीतून नवी एसएसडी आणली होती. ३१ तारखेला फराळ करून ऑफिसात गेलो, जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नवीवर घेतली, जुनी काढून काकांच्या कपाटात ठेवली. बॅकअप पुष्कळ प्रकारचे असतात. पण पाच मिनिटांत परत जोडून कालचं ऑफिस जसंच्या तसं उभं करता येईल, असा बॅकअप हाताशी असला की हात थरथरत नाहीत.

पोर्टेजचा सगळा फोल्डर आणि वर्ल्ड फाइल प्रतीतून आणली, बायनरीच्या साठ्यावर यूजपीकेजीओन्ली लावून बसवायला सुरुवात केली. संध्याकाळी सातपर्यंत संपलं. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बसवताना बूटची फाळणी भरली, शंभर एमबीचीच होती, ५.१५ च्या चार जुन्या प्रतिमा पडून होत्या, एक ठेवून बाकी काढल्या, मग ६.६ बसला. हाताने कॉन्फिगर केलेल्या कर्नलऐवजी जेंटूचा तयार वितरण-कर्नल घेतला. मुलाचा कर्नल सुंदर होता, पण तो त्याच्याच डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, डिस्पॅच-कॉन्फ, म्हणजे जुन्या आणि नव्या कॉन्फिगरेशन फाइलींचा मेळ घालणं. ३४ फाइल वाट बघत होत्या. या कामाला घाई चालत नाही. दोन्ही बाजू वाचायच्या. आपला बदल कुठला, नवा कुठला, हे ठरवायचं. सरसकट "नवी घे" म्हटलं असतं तर कप्सची कॉन्फिगरेशन आणि प्रिंटरचा ठरलेला पत्ता उडाला असता. सरसकट "जुनी ठेव" म्हटलं असतं तर एसएसएचचे जुने, आता चुकीचे पर्याय राहिले असते. तीन तास गेले. संध्याकाळी काकांनी पूजेत मशीनलाही हळद-कुंकू लावलं, आणि ते सुरू होतं.

तीन मिलिमीटर

मंगळवारी, ५ नोव्हेंबरला, पहिलं निवडणूक पत्रक छापलं. ताईंनी ते बघितलं आणि थांबल्या. प्रिंट घेतली, कपाटातून ऑक्टोबरमधलं एक जुनं प्रूफ काढलं, दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावली. नवा मजकूर खाली सरकला होता. "हे बघा," त्या म्हणाल्या, आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

तळाची ओळ म्हणजे मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७-क प्रमाणे निवडणुकीच्या पत्रकावर ती हवीच. कटिंगमध्ये तीन मिलिमीटर गेले असते तर ओळ अर्धी कापली गेली असती आणि जाब काकांना विचारला गेला असता.

कारण सापडायला वीस मिनिटं लागली. पॅचेसच्या फोल्डरमध्ये मुलाने आतला फोल्डर आवृत्तीच्या आकड्यासकट ठेवला होता: कप्स-फिल्टर्स-१.२८.१५. पोर्टेज त्या फोल्डरमधला बदल त्याच आवृत्तीला लावतं. आवृत्ती १.२८.१७ झाली, फोल्डर जुळला नाही, आणि बदल न लावता बांधणी सुखरूप पूर्ण झाली. चूक नाही, इशारा नाही. बदल जुळत नसता तर बांधणी थांबली असती आणि मला घरीच कळलं असतं. इथे तो वाचलाच गेला नाही. घरच्या तालमीत प्रिंटर नव्हता, म्हणून तिथेही दिसलं नाही. ही माझी चूक. ज्या एका दुरुस्तीसाठी हे मशीन जेंटूवर होतं, तिची खातरजमा मी सर्वांत आधी करायला हवी होती. बांधणीच्या लॉगमध्ये "वापरकर्त्याचे पॅच लावले" ही ओळ शोधली असती तरी पुरलं असतं.

फोल्डरच्या नावातला आकडा काढला, पॅकेज पुन्हा बांधलं, लॉगमध्ये ती ओळ दिसली. नवं प्रूफ आणि जुनं प्रूफ पुन्हा काचेला लावलं, रेघ रेघेवर बसली. दुपारी दोनला पत्रक छपाईला गेलं.

शनिवार

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी, काम थांबल्यावर. गुरुवार मुद्दाम टाळला. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज गुरुवारी जाते, आणि ऑफिसच्या यूपीएसवर जीसीसीची बांधणी निभत नाही. सिंक, मग बातम्या, मग अपडेट, डीप, न्यूयूज यांच्यासह वर्ल्डचं प्रिटेंड. यादी वाचायची. आठवड्याला दहा-वीस पॅकेजं असतात, त्यामुळे वाचता येते; सप्टेंबरमधल्या यादीत हजारावर होती, ती कोणी वाचत नाही, नुसती घाबरतं. बांधणी रात्री चालते. रविवारी सकाळी दहा मिनिटं: डिस्पॅच-कॉन्फ, डेपक्लीन, ग्लसा-चेक. जुने सोर्स ईक्लीनने महिन्यातून एकदा. पहिले तीन शनिवार मी जाऊन केलं. चौथ्यापासून ताई करतात आणि लाल ओळ दिसली तर फोन करतात. आतापर्यंत दोनदा आला.

पाडव्याला काकांनी हिशेबाच्या वह्यांबरोबर एक जास्तीची वही आणली होती, लाल कापडी बांधणीची. ती मशीनची. प्रत्येक मास्क, प्रत्येक पॅच, प्रत्येक वेगळा यूज फ्लॅग त्यात तारखेसह, कारणासह, आणि कधी काढायचा याच्यासह लिहायचा. तीच ओळ कॉन्फिगरेशन फाइलमध्येही टिपण म्हणून असते, पण फाइल उघडायला पासवर्ड लागतो, वही टेबलावर असते. पहिलं पान बेंगळुरूहून आलं: मुलाने आठवून आठवून सगळे बदल लिहून पाठवले, ताईंनी ते सुवाच्य अक्षरात उतरवले. त्यात तीन बदल असे निघाले की ते आहेत हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

यूएसआर एकत्र करण्याचं काम अजून बाकी आहे. ते आधी घरच्या प्रतीवर करणार, या वेळी काकांचा प्रिंटर उचलून घरी नेऊन. वहीत त्याच्यासाठी एक पान सोडलंय, आणि वरच्या कोपऱ्यात ताईंनी पेन्सिलीने लिहिलंय: तळाची ओळ बघणे.